संयुक्त ‘मानापमाना’ची रात्र

आपल्या मंडळाच्या वार्षिक संमेलनात भोजनोत्तर गप्पांचा फड जमला म्हणजे, आयुष्यात ऐकलेले सर्वोत्तम गाणे कोणते, हा प्रश्न कोणी ना कोणी काढल्यावाचून राहत नाही. मग पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवातील एखादी पहाट कोणास आठवते, कोणी कुमार गंधर्वांची बैठक सांगतो, तर भगिनीवर्गातून किशोरीताई आमोणकरांचे नाव हटकून पुढे येते. आमच्या बाळपणी मात्र या प्रश्नास वडीलधाऱ्या मंडळींकडून एकच उत्तर मिळे, आणि ते इतक्या निश्चयाने दिले जाई की, त्यावर पुढे बोलण्याची कोणाची प्राज्ञा नसे. ते उत्तर म्हणजे संयुक्त ‘मानापमान’. त्या रात्री आपले वडील अगर चुलते प्रत्यक्ष हजर होते असे सांगणाऱ्यांची गणती जर कोणी केली असती, तर मुंबईचे बालीवाला नाटकगृह त्यांना दसपटीने अपुरे पडले असते! या अतिशयोक्तीचे आम्हांस हसू येते; परंतु ज्या प्रयोगास आपण हजर असावयास हवे होते असे एका सबंध पिढीस वाटले, त्या प्रयोगाची योग्यता या लटिक्या साक्षींवरूनही कळून येते.

हा प्रयोग ८ जुलै १९२१ रोजी मुंबईस ग्रँट रोडवरील बालीवाला थिएटरात झाला. त्याचे निमित्त नाट्यकलेचे नव्हते, देशकार्याचे होते. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य निवर्तले. पुढील वर्षी बेझवाड्यास भरलेल्या राष्ट्रसभेच्या समितीने त्यांच्या नावे एक कोट रुपयांचा स्वराज्य फंड जमविण्याचे ठरविले आणि त्यासाठी ३० जून १९२१ ही मुदत घातली. एक कोट हा आकडा त्या काळी ऐकणाऱ्यास थट्टेचा वाटावा असा होता. तरी तो पुरा झाला. मुदत उलटली तरी लोकांचा उत्साह ओसरला नव्हता. त्याच जुलैच्या अखेरीस, म्हणजे ३१ तारखेस, परळ येथे परदेशी कापडाची प्रचंड होळी पेटली. अशा भारलेल्या दिवसांत टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या दोन संस्थांनी एकत्र प्रयोग करावा असे ठरले, आणि नाटक निवडले गेले ते खाडिलकरांचे ‘मानापमान’.

आजच्या वाचकास यात विशेष काय, असे वाटण्याचा संभव आहे. त्याने एवढे ध्यानात घ्यावे की, त्या काळची नाटक मंडळी म्हणजे एक स्वतंत्र संस्थान असे. तिचे नट, तिचे पडदे, तिचा कपडेपट, तिची वाद्ये, तिचा मुदपाकखाना, आणि बहुधा तिचे कर्जही, सर्व काही तिचे स्वतःचे! दोन मंडळ्या एका गावी आल्या म्हणजे प्रेक्षकांचे सरळ दोन तट पडत. एका तटाचा मनुष्य दुसऱ्या तटाच्या नाटकास गेला तर तो बहुतकरून दोष काढावयास जाई. अशा दोन संस्थानांच्या अधिपतींनी एका रात्रीपुरता आपापला मान बाजूस ठेवून एकाच रंगभूमीवर उभे राहावे, आणि तेही ज्या नाटकाचे नावच ‘मानापमान’ त्या नाटकात, हा योग सामान्य नव्हता.

भामिनीची भूमिका बालगंधर्वांची, हे सांगावयासच नको. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत या नाटकाचा पहिला प्रयोग किर्लोस्कर मंडळीने केला, तेव्हापासून भामिनी त्यांचीच होती. त्या पहिल्याच दिवशी त्यांची लहानगी कन्या वारली, आणि तरीही प्रेक्षकांचा विरस होऊ नये म्हणून ते रंगभूमीवर उभे राहिले, ही हकीकत महाराष्ट्रात घरोघर सांगितली जात असे. पुढे १९१३ साली त्यांनी गोविंदराव टेंबे व गणपतराव बोडस यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी काढली. ‘मानापमाना’तील पदांच्या चाली टेंब्यांच्याच. १९२१ साली बालगंधर्व ३३ वर्षांचे होते. ‘स्वयंवर’ आणि ‘एकच प्याला’ ही नाटके होऊन गेली होती, आणि त्यांच्या लुगड्याची, केशरचनेची, चालण्या-बोलण्याची नक्कल प्रतिष्ठित घराण्यांतील स्त्रियाही करू लागल्या होत्या.

धैर्यधर झाले होते केशवराव भोसले. यांच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आम्हांस अवश्य वाटते. कारण आमच्या तरुण वाचकांपैकी पुष्कळांस बालगंधर्व ठाऊक असतात, केशवराव नुसते नावाने ठाऊक असतात. त्यांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापुरात गरिबीत झाला. अगदी कोवळ्या वयात ते स्वदेशहितचिंतक मंडळीत शिरले, आणि ‘शारदा’ नाटकातील शारदेच्या भूमिकेने त्यांनी लहानपणीच नाव मिळविले. १ जानेवारी १९०८ रोजी, म्हणजे वयाची अठरा वर्षेही पुरी झाली नसता, त्यांनी हुबळीस ललितकलादर्श मंडळीची स्थापना केली. रामकृष्णबुवा वझ्यांसारख्या करड्या गुरूची तालीम त्यांस लाभली. त्यांचा आवाज उंच, धारदार आणि पल्लेदार होता. त्यांच्या तानेची फेक विजेसारखी होती असे जुने लोक सांगत. ‘राक्षसी महत्त्वाकांक्षे’तील मृणालिनी त्यांनी गाजविली, आणि मामा वरेरकरांचे ‘हाच मुलाचा बाप’ हे हुंड्याच्या चालीवर कोरडे ओढणारे नाटक १९१६ साली त्यांच्याच मंडळीने रंगभूमीवर आणले. ज्या नाटकाने प्रेक्षकांतील निम्म्या वरपित्यांना अस्वस्थ व्हावे लागेल ते पैसे घालून करावयाचे, यास गळ्याखेरीज छातीही लागते.

दोघांच्याही भाग्योदयास एकच हात कारण झाला, हे येथे नमूद करावयास हवे. बालगंधर्वांच्या कानास व्यथा जडली असता कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी मिरजेस त्यावर उपचार करविले, आणि त्यांचा किर्लोस्कर मंडळीत प्रवेश होण्यासही महाराजांचे साहाय्य झाले. केशवराव तर त्यांच्याच राजधानीचे. अशा रीतीने संयुक्त प्रयोगाचा पाया एका अर्थी कोल्हापुरातच घातला गेला होता.

त्या रात्रीविषयी आम्ही जे ऐकले ते दोन तटांकडून ऐकले. गंधर्वपक्षीय म्हणत की, भामिनीच्या पहिल्या सुराबरोबर सभागृह त्यांच्या स्वाधीन झाले. केशवरावांचे अभिमानी म्हणत की, धैर्यधराने तान टाकली मात्र, गंधर्वपक्षाचीही मस्तके आपोआप डोलू लागली. एका गोष्टीविषयी मात्र दोन्ही पक्षांत मतभेद नसे. वन्समोअरच्या गजरास त्या रात्री सुमार राहिला नाही, आणि प्रत्येकाने दुसऱ्याच्या गाण्यामुळे आपल्या नित्याच्या गाण्यावर ताण केली, हे उभयपक्षी मान्य होते. त्या काळी ध्वनिक्षेपक नव्हता. जे काही शेवटच्या बाकापर्यंत पोहोचावयाचे ते उघड्या गळ्याने पोहोचे. पायपेटी, सारंगी आणि तबला एवढ्याच साथीवर नट पद मांडी, फिरून मांडी, आणि प्रेक्षक मागतील तितके खुलवी. पहाटेपर्यंत चाललेल्या नाटकाविषयी कोणी कुरकुर केल्याचे ऐकिवात नाही. आज उघड्या मैदानावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो. तो नियम आजारी माणसांसाठी व शाळकरी मुलांसाठी हितावह आहे हे आम्ही नाकारीत नाही. परंतु त्यापूर्वी सवाई गंधर्व महोत्सवात शाल गुंडाळून रात्र जागविलेल्या आणि भीमसेनजींच्या स्वरांबरोबर उजाडलेले पाहिलेल्या मनुष्यासच रात्रभर गाणे ऐकणे म्हणजे काय ते कळेल. १९२१ च्या प्रेक्षकांशी आमचे एवढेच काय ते नाते.

आता, त्या रात्री कोण जिंकले? हा वाद आम्ही घराघरांतून ऐकला आहे, आणि आमचे मत असे की, तो बरोबरीच्या पुराव्यावर कधीच चालला नाही. या प्रयोगानंतर तीन महिनेही लोटले नाहीत तोच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव वारले. मध्ये दिवस गेले अवघे ८८. वय होते ३१. पूर्वी गायक एका कर्ण्यात तोंड घालून गात असे आणि सुमारे तीन मिनिटांत सारे आटोपावे लागे. विजेच्या साहाय्याने ध्वनिमुद्रण सुरू झाले ते १९२५ च्या सुमारास. म्हणजे ते यंत्र येईपर्यंत केशवराव उरलेच नव्हते. त्यांच्या ज्या थोड्या ध्वनिमुद्रिका आहेत त्या त्या कर्ण्यातल्या, आणि तशा उंच व जोरकस आवाजाचा त्या यंत्रात किती अंश उतरला असेल याचा अंदाज जुनी तबकडी ऐकणाऱ्या कोणासही बांधता येईल. उलट बालगंधर्व पुढे ४६ वर्षे, १५ जुलै १९६७ पर्यंत, जगले. त्यांच्या ध्वनिमुद्रिका विपुल निघाल्या. त्यांस पद्मभूषण मिळाले. पुण्यात त्यांच्याच हस्ते कोनशिला बसविलेले त्यांच्या नावाचे रंगमंदिर १९६८ साली उभे राहिले. २०११ साली त्यांच्या जीवनावर बोलपटही निघाला. हे सारे त्यांस योग्यच होते, आणि त्यात एक रतीही कमी असावे असे आम्ही म्हणणार नाही. तथापि एकाची साक्ष देण्यास तबकडी उभी आहे, तर दुसऱ्याची साक्ष देण्यास केवळ ऐकणारे उभे होते, आणि ते ऐकणारे आता राहिले नाहीत. संयुक्त ‘मानापमाना’ची जी आठवण आपल्या वडीलधाऱ्यांनी रंगवून, फुगवून, प्रसंगी खोटी हजेरी लावूनही सांगितली, तिचे मोल येथे आहे. केशवरावांचा गळा जर कोठे पुरता उतरला असेल, तर तो त्या सांगण्यातच.

शाहू महाराजांनी कोल्हापुरात बांधविलेले पॅलेस थिएटर १९१५ साली पुरे झाले. पुढे त्यास संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह असे नाव दिले गेले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत सापडले. दुसरे दिवशी केशवरावांची जयंती होती. नाव ज्यांचे त्या वास्तूला, त्यांच्याच जन्मदिनी कोल्हापूरकरांस तिच्या जळक्या भिंती पाहाव्या लागल्या. त्या दिवशी तेथे ज्यांच्या डोळ्यांस पाणी आले, त्यांतील एकानेही केशवरावांस ऐकले असणे शक्य नव्हते.

आपल्या ज्ञातीतील अनेक कुटुंबांत नाटकाची हौस तीन-तीन पिढ्यांची आहे. त्या काळी नाटकगृहात पदांची छोटी पुस्तके विकत मिळत. ती घेऊन प्रेक्षक गाण्याबरोबर ओळी पाहत, आणि शौकीन मनुष्य समासात पेन्सिलीने राग, ताल, वन्समोअर यांची नोंद करी. अशी पुस्तके, जाहिरातींचे कागद, तिकिटांचे तुकडे, कोणा आजोबांची वही, माळ्यावरच्या ट्रंकेत अद्यापि असतील. घर पुनर्बांधणीस देताना ती ट्रंक रद्दीवाल्याकडे जाण्यापूर्वी एकवार उघडावी आणि जे हाती लागेल ते मंडळाच्या कार्यालयात दाखवावयास आणावे, अशी आमची सर्व सभासद कुटुंबांस विनंती आहे. मूळ कागद आम्ही ठेवून घेणार नाही. नक्कल उतरवून घेऊन ज्याचे त्यास परत करू. वाळवी लागलेला असला तरी संकोच करू नये.