बंब गेला, गाळणं राहिलं



मागच्या मार्गशीर्षात आमच्या दारव्ह्याच्या घरातला तांब्याचा बंब बुडातून गळायला लागला. नळीच्या सांध्याशी बारीक चीर पडली होती. थेंब थेंब पाणी जाळावर पडायचं आणि पऱ्हाटी विझून नुसता धूर व्हायचा. गावात कल्हई आणि डाग देणारा कारागीर आता उरलेला नाही. यवतमाळला एकाला विचारलं, तर तो म्हणाला, "जितका डाग द्याल तितका शेजारून फुटेल, पत्रा झिजलाय." म्हणजे बंब बदलणं आलं. आमचा हिशेब होता सहा हजारांचा, त्यापुढे एक रुपया नाही. थंडीत पारा दहाच्या खाली उतरतो आणि घरात ऐंशी उलटलेल्या, व्रत घेतलेल्या सासूबाई आहेत.

गीझर आणा आणि मोकळे व्हा, असं सगळे म्हणाले. मीही तेच म्हणत होते. पण या निमित्तानं आपल्या घरातल्या गरम पाण्याचा मागचा प्रवास डोळ्यांसमोर आला, आणि तो पाहिल्याशिवाय निर्णय होणार नाही हे कळलं. तोच आज लिहिते.

बंबाच्या आधी चूल होती. चुलीला जोडून वैल असायचा. मुख्य तोंडावर स्वयंपाक आणि वैलावर पाण्याचं तपेलं. वेगळा जाळ नाही, स्वयंपाकाचीच उरलेली धग. आपल्या दृष्टीनं ही फार चांगली सोय होती. अग्निकायिक जीवांची हिंसा गृहस्थाला पूर्ण टाळता येत नाही, पण प्रयोजनापुरतीच करावी हे आपण लहानपणापासून ऐकतो. एका जाळात दोन कामं, म्हणजे तेच झालं. पण मोठ्या कुटुंबात दहा-बारा माणसांची आंघोळ वैलावर कशी भागणार? मग बंब आला.

बंब हा शब्द पोर्तुगीजांच्या 'बोंबा'वरून, म्हणजे पंपावरून आला असं मानतात; आग विझवणाऱ्या गाडीलाही आपण बंबच म्हणतो. रचना तुम्हाला ठाऊक आहेच. मधोमध उभी नळी, तिच्या तळाशी जाळी, जाळीवर जाळ, खाली राख. नळीभोवती पाणी. वरून गार पाणी ओतायचं, तोटीतून गरम काढायचं. रशियातला चहाचा सामोवार अगदी याच पद्धतीचा. आणि लांब कशाला जायचं, आपली शकुंतला! मूर्तिजापूर–यवतमाळ या अरुंद रुळांच्या गाडीला १९९४ पर्यंत मँचेस्टरहून आलेलं वाफेचं इंजिन होतं. त्याच्या बॉयलरमध्येही विस्तवाची धग नळ्यांतून जायची आणि नळ्यांभोवती पाणी असायचं. आमचे हे लहान असताना दारव्हा मोतीबाग स्टेशनवर जाऊन "मोठा बंब आला" म्हणायचे. चुकीचं काहीच नव्हतं त्यात.

नळी मधोमध असल्यामुळे उघड्या जाळावरच्या हंड्यापेक्षा धग वाया कमी जायची. त्यामुळे जाड लाकूड लागत नसे, काटक्या पुरायच्या. आणि काटक्या म्हणजे आपल्या जिल्ह्यात पऱ्हाटी. कापूस वेचून झाला की उपटलेल्या पऱ्हाटीचे ढीग घरामागे लागायचे आणि ते वर्षभर पुरायचे. तुराट्या सोबतीला. वणीकडच्या नातेवाइकांकडे दगडी कोळसा असायचा, कारण खाणीच त्यांच्या उशाशी. आमच्याकडे मात्र कापसाचाच देश आणि कापसाचाच जाळ.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. सासूबाई बंबात एकही काडी झटकल्याशिवाय घालत नसत. पऱ्हाटीला अर्धवट उमललेली, किडकी बोंडं लटकलेली असायची. ती तोडून त्या वेगळ्या टोपलीत ठेवत आणि लांब कडेला नेऊन टाकत. सरपण शोधून घ्यायचं हा आपला नियम, आणि जाळ सूर्य उगवल्यावरच, म्हणजे जीवजंतू दिसतात. नवीन असताना मला हे सगळं वेळखाऊ वाटायचं. २०१७ मध्ये आपल्या जिल्ह्यात शेंदरी बोंडअळीनं कापूस खाल्ला आणि फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजुरांचे जीव गेले, तेव्हा कृषी खात्याचे लोक गावोगाव सांगू लागले की पऱ्हाटी घराजवळ साठवू नका, त्या वाळक्या बोंडांतच अळी सुप्तावस्थेत राहते आणि पुढच्या पावसात पतंग होऊन बाहेर पडते. म्हणजे ती बोंडं रिकामी नव्हतीच! सासूबाई ज्या बोंडाला हात लावून "यात जीव हाय" म्हणायच्या, त्यात खरोखर होता. तेव्हापासून आमचा ढीग लहान होत गेला. शेतातच पऱ्हाटीचा भुगा करायला लागले, आणि बंबाला लाकूड विकत घ्यायची वेळ आली. त्यामुळे खरं तर बंब गळला त्याच्या आधीच त्याचा काळ संपत आला होता.

आता नव्या साधनांचं. गीझर हे नाव आइसलंडमधल्या गरम पाण्याच्या कारंज्याचं. लंडनच्या बेंजामिन मॉन यानं १८६८ मध्ये गॅसवर लगेच पाणी तापवणारं यंत्र काढलं आणि त्याला हे नाव दिलं. पण त्याला धूर बाहेर न्यायला नळीच नव्हती. विस्तवातून निघणारी वाईट हवा खोलीतच राहायची. दीडशे वर्षं झाली, तरी बंद न्हाणीघरात गॅस गीझर लावल्यानं माणसं दगावल्याच्या बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. आमच्या न्हाणीला वीतभर खिडकी, तीही थंडीत बंद. म्हणून गॅस गीझर स्वस्त असूनही पहिल्याच दिवशी बाद केला. तुमच्याकडे असेल तर तो न्हाणीच्या बाहेर बसवा, एवढं मात्र कळकळीनं सांगते.

रॉकेलचा स्टोव्ह, मग गॅसची शेगडी, हे टप्पे आपण सगळ्यांनीच पाहिलेत. इंडेनचा गॅस १९६५ मध्ये सुरू झाला, पण आमच्याकडे शेगडी आली ती फार उशिरा. खेड्यात तर २०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतरच पुष्कळ घरांत सिलिंडर पोचले. गॅसवर आंघोळीचं पाणी तापवणं म्हणजे महिना संपायच्या आत सिलिंडर संपवणं. सोलर उत्तम, पण आमच्या हिशेबाच्या कितीतरी पुढे.

उरला विजेचा गीझर. वीजवाल्यानं तो उघडून दाखवला आणि सासूबाईंनी खाटेवरूनच विचारलं, "यातलं पाणी पूर्ण निघते का?" तो म्हणाला, नाही आजी, टाकी कायम भरलेलीच असते. खालून गार पाणी येतं आणि वरचं गरम पाणी ढकललं जातं. म्हणजे काल आलेलं पाणी आज आत असतंच.

मैत्रिणींनो, मला या प्रश्नाचं महत्त्व तेव्हा उमगलं. बंब हातानं भरायचा होता, म्हणून त्यात पाणी गाळूनच जायचं. छत्तीस अंगुल लांब, चोवीस अंगुल रुंद कापड दुहेरी करायचं, विहिरीचं पाणी त्यातून बंबात, आणि कापडावर राहिलेली जिवाणी त्याच विहिरीत परत. तीही वरून फेकायची नाही. बुडाला कडी असलेल्या बादलीतून खाली सोडायची, पाण्याला टेकली की बादली उलटते. गाळलेल्या पाण्याची मर्यादा ४८ मिनिटं, लवंग वगैरे टाकून प्रासुक केलेल्याची सहा तास, उकळलेल्याची चोवीस, हे आपण मुलींना पाठच करून घेतो. पण नळ आला, गच्चीवर टाकी आली, टाकीतून गीझर आला, आणि पाणी कोणी पाहीनासंच झालं. पिण्याचं गाळतो, आंघोळीचं नाही. माझ्या माहेरीही तसंच आहे. कोणी नियम मोडला असं नाही, गाळायला जागाच उरली नाही.

मी सुचवलं, गच्चीच्या टाकीच्या नळाला कापड बांधू. त्या म्हणाल्या, "मग जिवाणी कुठं सोडशीन? गच्चीवरून नालीत?" मला उत्तर नव्हतं.

शेवटी ह्यांनी यवतमाळच्या भांड्यांच्या दुकानात विजेचा बंब पाहिला. स्टीलचा, वरून झाकण, खाली तोटी, आत कॉइल आणि ठरावीक उष्णतेला आपोआप बंद होणारं थर्मोस्टॅट. पंचवीस लिटरचा. हातानं भरायचा, तोटीतून जवळजवळ सगळा रिकामा होतो, उरलेलं वाटीभर तिरका करून काढायचं. मी हिशेब मांडला: पंचवीस लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवायला पाऊण युनिटच्या आसपास वीज. दोन हजार वॅटची कॉइल ते बावीस-तेवीस मिनिटांत करते. म्हणजे गाळल्यापासून ४८ मिनिटांच्या आत पाणी तापलेलं! सासूबाईंना आकडे सांगितले तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या.

किंमत चार हजार दोनशे. अर्थिंग आणि वेगळा स्विच यांचे अकराशे वर. अर्थिंगला काटकसर करू नका, आणि पाणी काढण्याआधी स्विच बंद करून प्लग काढायचाच, थर्मोस्टॅट असलं तरी. बादलीत सोडायचा रॉड निम्म्याहून निम्म्या पैशांत मिळतो, पण चालू रॉडच्या पाण्यात हात घालणारी मुलं घरात असतात, म्हणून आम्ही तो घेतला नाही.

जुना बंब भरला सात किलो. मोडीत साडेचार हजार आले. विकायचं ठरलं तेव्हा मला रडू आलं. सासूबाईंच्या लग्नात आलेला, साठ वर्षांचा. मी म्हटलं, आई, ठेवू या ना, शोभेला कोपऱ्यात. त्या म्हणाल्या, "शोभा तुह्यासाठी. धूर माह्या डोयात गेला, तुह्या नाही. पाणी गाळून जाऊ दे, बाकी तांबं म्हणजे पैसाच हाय." मोतीबिंदू उतरवलेल्या डोळ्यांनी त्या माझ्याकडे पाहत होत्या. मी पुढे बोलले नाही.

फक्त झाकण त्यांनी दिलं नाही. ते आता पाण्याच्या गुंडावर असतं. चिंच लावून मी दर चतुर्दशीला घासते. सकाळी विहिरीवर गाळणं झालं की कापड उलटं करून थोडं पाणी ओतायचं, जिवाणी कडीच्या बादलीत घ्यायची. दोर अजून त्याच धरतात, मी बादली सोडते.