मराठी ‘च’ची वाटचाल

हरसूल हें नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम अंगाचें गांव. गुजरातची सीमा तेथून जवळच. सीमेच्या अलीकडे ‘रामच आला’ असें म्हणतात. पलीकडे गुजरातींत ‘राम ज आव्यो’ असें म्हणतात. हा ‘च’ किंवा हा ‘ज’ वाक्यांत एकटा कधींहि उभा राहत नाहीं. परंतु निश्चयाचा सारा भार तोच वाहतो.

अशा परावलंबी शब्दांची रीत विभक्तिप्रत्ययांहून निराळी आहे. ‘घोडा’ शब्दास ‘नें’ लागला कीं ‘घोड्यानें’ होतें. ‘च’ लागला तर ‘घोडाच’. मूळ शब्दास विकार होत नाहीं. शिवाय त्यास नाम आणि क्रियापद सारखींच. ‘मुलगाच शिकला’ म्हणजे इतर कोणी शिकलें नाहीं. ‘मुलगा शिकलाच’ म्हणजे अडचणींस न जुमानतां शिकला. जागा पालटली कीं अर्थ पालटतो.

प्रत्ययांच्या रांगेंत याचें स्थान बहुधा शेवटीं, जसें ‘घरांतच’. फिनलंडची फिनिश भाषा संस्कृताच्या कुळांतील नव्हे, फिनो-उग्रिक कुळांतील. परंतु तेथेंहि हीच शिस्त आढळते. ‘तालो’ म्हणजे घर, आणि ‘तालोस्सानिकिन’ म्हणजे ‘माझ्या घरांतहि’. ‘स्सा’ म्हणजे आंत, ‘नि’ म्हणजे माझें, आणि सर्वांच्या मागें ‘किन’ म्हणजे ‘हि’. नकारार्थी वाक्यांत मात्र ‘किन’च्या जागीं सामान्यतः ‘कान’ येतो. मराठी ‘हि’ होकारांत व नकारांत एकच राहतो.

‘च’चें कुळ प्राचीन आहे. हालाच्या गाथासप्तशतींत तो ‘च्चिअ’ या रूपानें भेटतो. बाराव्या शतकांत गुजरातेंत हेमचंद्रानें आपलें व्याकरण रचिलें. त्यांत निश्चय दाखविण्यासाठीं प्राकृतांत ‘चेअ’, ‘चिअ’, ‘च्च’ आणि अपभ्रंशांत ‘जि’ असे शब्द त्यानें नोंदले. इ. स. १२९० च्या ज्ञानेश्वरींत ‘चि’ आहे. पुढें इकार गळून ‘च’ उरला. तिकडे ‘जि’चा ‘ज’ झाला. दक्खनी बोलींत ‘मैंच’ म्हणतात, तो ‘च’ मराठीचा. वस्तूचें नांव व्यापाऱ्याबरोबरहि येतें. असला एकाक्षरी शब्द उसना घेण्यास मात्र दोन भाषांच्या लोकांस पिढ्यान् पिढ्या शेजारीं नांदावें लागतें.

१९६० सालीं महाराष्ट्र व गुजरात हीं दोन राज्यें झालीं. परंतु सीमेच्या दोन्ही अंगांच्या या दोन अक्षरांचे पूर्वज आठशें वर्षांपूर्वींच एका ग्रंथांत शेजारीं बसले होते.