आगबोटीवरचा भंडारी

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील वाचकांना नदीवरची आगबोट परकी वाटेल, यात नवल नाही. आपल्या नीरा आणि भीमा या पावसावर जगणाऱ्या नद्या. नरसिंहपूरला त्यांचा संगम होतो खरा. परंतु बारमाही जलवाहतूक चालावी इतके पाणी त्यांच्या पात्रांत कधीच नव्हते. १९८० साली उजनीचे धरण पूर्ण झाले, इंदापूरच्या बाजूस विस्तीर्ण जलाशय पसरला आणि त्यावर होड्यांची ये-जा वाढली. बार्ज ओढणारी आगबोट मात्र या भागाने पाहिली नाही. तरीही पुण्याचे नाव अशाच आगबोटींच्या एका दुःखद इतिहासाशी कायमचे जोडले गेले आहे, आणि त्या इतिहासात चुलीपाशी बसलेल्या एका माणसाचा आपण शोध घेणार आहोत.

पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर ६ नोव्हेंबर १९१४ रोजी हिंदी लष्कराची सहावी, म्हणजेच ‘पूना’ डिव्हिजन आजच्या इराकमध्ये फाव येथे उतरू लागली. तीत ब्रिटिश पलटणींबरोबर पंजाबी, रजपूत पलटणी होत्या, तशाच १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणीही होत्या. बसऱ्याहून बगदादकडे जाण्यास तेव्हा लोहमार्ग नव्हता, पक्की सडक नव्हती. सुमारे ८०० किलोमीटरचा एकच मार्ग होता, तो तैग्रिस नदीचा. पात्र उथळ आणि वळणावळणांचे. म्हणून कमी पाण्यात चालणाऱ्या आगबोटी हव्या होत्या. आगबोटीच्या दोन्ही कुशींना एकेक बार्ज बांधीत. त्यांत धान्य, दारूगोळा, जनावरे आणि माणसे भरीत आणि प्रवाहाविरुद्ध वाट कापीत. वाळूत रुतणे हे नित्याचेच होते. हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशातील नद्यांवरूनही आगबोटी मागविण्यात आल्या; परंतु नदीसाठी बांधलेल्या त्या नौकांपैकी कित्येक समुद्र ओलांडतानाच बुडाल्या.

या बोटींवर हिंदी खलाशी राबत. सारंग, टंडेल, सुकाणी, आगवाला अशी त्यांची उतरंड असे आणि तीतच भंडारी येई. भंडारी म्हटले की आपल्याला कोकणातील माडाशी नाते सांगणारा समाज आठवतो. खलाशांच्या बोलीत मात्र भंडारी म्हणजे त्यांचा स्वयंपाकी. समुद्रावरील मोठ्या आगबोटींवर साहेबांच्या आणि उतारूंच्या जेवणाची व्यवस्था बहुधा गोव्याच्या कॅथलिक बांधवांकडे असे. मुंबईत धोबीतलावच्या परिसरात त्यांनी गावोगावच्या नावांनी उभारलेले ‘कूड’ आपल्या पुष्कळ वाचकांना माहीत असतील. भंडारी निराळा. तो खलाशांचा, खलाशांतलाच. ज्याच्या हातचे सर्वांना चालेल असाच माणूस त्या जागी लागे. इराकच्या उन्हाळ्यात उन्हाने तापलेल्या लोखंडी बोटीत चूल पेटती ठेवायची आणि सर्वांचे जेवण वेळेवर उतरवायचे, ही त्याची लढाई. तिची दप्तरात कोणी नोंद घेतली नाही.

अन्नाचे मोल कूट येथे कळून आले. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉनची लढाई झाल्यावर सैन्य मागे हटले आणि ७ डिसेंबरपासून तुर्की फौजेने कूटला वेढा घातला. तो १४७ दिवस चालला. बसऱ्याला साठा होता. पण तो वर नेण्यास पुरेशा आगबोटी नव्हत्या. आत शिधा घटत गेला. घोड्याचे मांस वाटू लागले, तेव्हा पुष्कळ हिंदी शिपायांनी ते दीर्घकाळ नाकारले. कारण धर्माचे होते आणि गावी परतल्यावर जात वाळीत टाकील या भयाचेही होते. धान्य दळण्यासाठी जात्यांच्या तळ्या विमानातून टाकाव्या लागल्या. २४ एप्रिल १९१६ च्या रात्री ‘जुलनार’ ही आगबोट २७० टन रसद घेऊन निघाली. परंतु ती वाटेतच शत्रूच्या हाती पडली. बोटीवरील दोन ब्रिटिश अधिकाऱ्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. २९ एप्रिलला कूट शरण गेले. सुमारे १३,००० जण कैद झाले. त्यांत तीन हजारांहून अधिक बिनलढाऊ नोकरमाणसे होती. स्वयंपाकी, भिस्ती, झाडूवाले यांची गणना त्यांतच होत असे. पुढच्या पायपिटीत आणि कैदेत हजारो मेले. १९१७ च्या चौकशी आयोगाने नदीवाहतुकीच्या अपुरेपणावर ठपका ठेवला आणि भारतमंत्री चेंबरलेन यांनी राजीनामा दिला.

मृतांचे पुढे काय झाले? १९२९ मध्ये उघडण्यात आलेले बसऱ्याचे स्मारक ४०,५०० हून अधिक मृतांचे आहे. त्यावर ब्रिटिशांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. सामान्य हिंदी शिपायांची मात्र पलटणीखाली केवळ संख्या आली. महाराष्ट्रातील अनेक गावांत त्या काळी बसविलेल्या संगमरवरी पाट्याही तशाच आहेत: या गावातून इतके गेले, त्यांतील इतके मेले. एप्रिल २०२१ मध्ये राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने आपल्या अहवालात या भेदाची कबुली देऊन क्षमा मागितली. शिपायाची ही कथा, तर भंडाऱ्याची काय असणार?

ज्याने मारले वा जो मरता मरता लढला, त्याचे नाव दगडावर येते. ज्याने जगविले तो संख्येत विरून जातो. हा न्याय आपल्या घरांतही चालतो, असे आम्हांस वाटते. लष्करात, बोटीवर, वसतिगृहात वा साखर कारखान्याच्या भटारखान्यात ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना जेवू घातले, असे आजोबा आणि पणजोबा आपल्या कुटुंबांत असतील. त्यांची नावे जाणती माणसे हयात आहेत तोवरच विचारून घ्यावीत आणि घरच्या वहीत गावासह, कामासह लिहून ठेवावीत. नोव्हेंबरात मृतांची आठवण करताना ती वही जवळ असावी. दगडावर जे आले नाही, ते निदान कागदावर तरी राहील.