हायकोर्टातलं माकड आणि एक फारच गोड गोष्ट

अंधेरीहून चर्चगेट लोकल पकडा, ओव्हल मैदान ओलांडा, की समोर मुंबई उच्च न्यायालय. कर्नल जे. ए. फुलर यांनी आखलेली ही गॉथिक इमारत १८७१ ते १८७८ या काळात बांधली गेली. तिच्या कोरीवकामात एक माकड न्यायाधीश आहे. हातात तराजू, आणि पट्टी एकाच डोळ्यावर! शिवाय गळ्यात वकिली बँड घातलेला कोल्हाही आहे.

गोष्ट तुम्ही ऐकली असेल. एका पारशी उपकंत्राटदाराचे पैसे बुडाले, तो दावा हरला आणि त्याने राग दगडावर काढला. मीही ती सेमिनारमध्ये सांगून हशा मिळवलाय. मग गाइडनी विचारलं, "दाव्यातले पक्षकार कोण?" झालं, मी गप्प.

दावा म्हटला की नावं आली, तारीख आली, निकाल आला. आपल्या गोष्टीत यातलं काहीच नसतं. पॅरिसच्या अलेक्झांद्र-गाब्रिएल दकां या चित्रकाराशी ताडून बघा. १८३७च्या त्याच्या चित्रात कपडे घातलेली माकडं जाणकार बनून एक चित्र न्याहाळतायत. टोमणा अकादमीच्या परीक्षकांना आहे, कारण त्यांनी त्याची आधीची चित्रं नाकारली होती. तिथे राग कुणाचा, कुणावर, हे ठाऊक आहे.

पण राग नसतानाही माकड येऊ शकतं. लंडनमध्ये एडविन लँडसीअरने १८४०मध्ये पूडल कुत्र्याला न्यायाधीश करून बसवलं. प्राण्यांना माणसांची कामं देण्याची तेव्हा हौसच होती. गॉथिक शैलीत तर ही थट्टा मुरलेलीच. मध्ययुगीन युरोपातल्या चर्चमध्ये हंसांना प्रवचन देणारा कोल्हा कोरलेला सापडतो. आपला वकील-कोल्हा मला त्याचाच दूरचा नातलग वाटतो. म्हणजे सूडाची गोष्ट खोटी ठरते असं नाही हं; फक्त शिल्पाचा अर्थ लावायला तिची गरज उरत नाही.

मग विचारायचं काय? सरकारी इमारत, सात वर्षांचं काम, इंजिनीअरांची देखरेख. ज्यांची टर उडवली तेच लोक १८७९पासून या इमारतीत वावरतायत. छिन्नीचे दोन घाव पुरले असते. कुणीच घातले नाहीत. का? सध्या मी या 'का'च्या मागे आहे, आणि दुसऱ्या प्रकरणाचं शीर्षक पुन्हा बदललंय.