पुंगळीचा इतिहास

मी कॉलेजात होतो तेव्हाची, म्हणजे १९८० च्या दशकाच्या अखेरची गोष्ट. आमच्या गावात एस.टी. स्टँडच्या मागे एक गॅरेज होते. तिथल्या मिस्त्रींना सगळे उस्ताद म्हणत. गाडी आली की उस्ताद लांब स्क्रू-ड्रायव्हर घेत, त्याचे टोक इंजिनावर टेकवत आणि मूठ कानाला लावत. डॉक्टरने छाती तपासावी तसे डोळे मिटून ऐकत आणि म्हणत, ‘टॅपेट ढिला आहे.’ मी बाकड्यावर बसून बघत असे. ‘इंजन बोलता बेटा, सुननेवाला होना,’ असे ते मला एकदा म्हणाले होते. ते वाक्य मला कवितेलाही लागू वाटले, म्हणून लक्षात राहिले.

याच गॅरेजात संध्याकाळी पोरे नवी आरएक्स १०० घेऊन येत. ‘उस्ताद, पुंगळी काढा!’ पुंगळी म्हणजे सायलेन्सरच्या शेपटाकडून आत बसवलेली भोकाभोकांची नळी. एक स्क्रू सोडवला की ती पक्कडीने बाहेर ओढता येते. उस्ताद ती काढत, गाडी जागेवर रेस करून दाखवत आणि अख्खा स्टँड मागे वळून बघे. आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली, असा पोरांचा पक्का समज होता. या पुंगळीचा इतिहास मात्र वेगळेच सांगतो.

इंजिनात पेट्रोलचा भडका उडतो, जळलेला वायू मोठ्या दाबाने बाहेर पडतो आणि हवेवर आदळतो. तो आदळण्याचा धक्का म्हणजेच आवाज. या वायूला एकदम मोकळे न सोडता आधी ऐसपैस डब्यात पसरू द्यायचे, पडद्यांवरून आणि भोकांतून वळवायचे, की त्याचा जोर ओसरतो. अमेरिकेत मिल्टन रीव्हज आणि मार्शल रीव्हज यांना इंजिनाच्या अशा उपकरणाचे पेटंट १८९७ साली मिळाले. मोटारगाडी तेव्हा नुकती रांगू लागली होती.

या इतिहासात एका बाप-लेकाची गोष्ट आहे. हायरम स्टीव्हन्स मॅक्झिम यांनी १८८० च्या दशकात आपोआप गोळ्या झाडणारी मशिनगन तयार केली. त्या तोफखान्याच्या आवाजात आयुष्य काढल्याने त्यांचे कान गेले. त्यांचा मुलगा हायरम पर्सी मॅक्झिम याने १९०९ साली बंदुकीच्या सायलेन्सरचे पेटंट घेतले. पुढे वायूचा जोर ओसरवण्याचे हेच तत्त्व त्याच्या कंपनीने इंजिनांच्या सायलेन्सरसाठी वापरले. याच मुलाने १९१४ साली अमेरिकेतल्या हौशी रेडिओवाल्यांची संघटना उभी करण्यात पुढाकार घेतला. नको तो आवाज दाबायचा आणि हवा तो दूरवर पोचवायचा, ही दोन्ही कामे एकाच माणसाने केली. रेडिओवर बोलणाऱ्या माझ्यासारख्याला हे सांगताना बरे वाटते.

आता शर्यतींकडे वळू. इंग्लंडमध्ये वेब्रिजजवळ ब्रुकलँड्स नावाची शर्यतींची धावपट्टी १९०७ साली सुरू झाली. मोटारी आणि मोटारसायकली तिथे उघड्या नळ्यांनिशी धावत. आसपासच्या रहिवाशांच्या तक्रारी वाढत गेल्या, आणि १९२० च्या दशकात तिथे सायलेन्सर सक्तीचा झाला. त्या मोठ्या डब्याला ‘ब्रुकलँड्स कॅन’ हे नावच पडले. म्हणजे शर्यतीच्या खास जागेवरही शेजाऱ्याच्या झोपेला किंमत द्यावी लागली.

आणि ताकदीचे काय? टू-स्ट्रोक इंजिनात नळीच्या आकाराला मोठे महत्त्व असते. पूर्व जर्मनीच्या एमझेड कारखान्यातले अभियंते वॉल्टर काडेन यांनी १९५० च्या दशकात हे शास्त्र पक्के केले. नळीचे पोट फुगीर ठेवून पुढे ती निमुळती केली की दाबाची लाट परत फिरते आणि बाहेर निसटणारे ताजे पेट्रोल-मिश्रण पुन्हा सिलिंडरात ढकलते. १९६१ पर्यंत त्यांच्या १२५ सीसीच्या इंजिनाने २५ अश्वशक्ती गाठली होती. त्याच वर्षी त्यांचा स्वार अर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या शर्यतीच्या वेळी पळून गेला आणि हे ज्ञान त्याच्यासोबत जपानच्या सुझुकीकडे पोचले. पुढच्याच वर्षी सुझुकीने ५० सीसी गटाचे जगज्जेतेपद मिळवले. जपानी टू-स्ट्रोक गाड्यांनी हीच वाट धरली. आमच्या पोरांची आरएक्स १०० त्याच घराण्यातली. म्हणजे तिची ताकद नळीच्या मोजमापात होती, गोंगाटात नव्हती. पुंगळी ओढून काढणारा पोरगा ते मोजमापच मोडत होता.

बुलेटची कथा निराळी. मद्रासला १९५५ साली एन्फिल्ड इंडिया स्थापन झाली. जुन्या ३५० सीसी इंजिनाचा दट्ट्या ९० मिलिमीटर वरखाली होई. सिलिंडर एकच आणि फेरे सावकाश, म्हणून प्रत्येक ठोका सुटा ऐकू येई. तीच ती डगडग. ती तिच्या घडणीतून आलेली आहे. आज चौकात जो ‘फटाका’ फुटतो, तो बुलेटचा आवाज नव्हे. चालत्या गाडीचे बटण बंद करून पुन्हा चालू केले की न जळलेले पेट्रोल तापलेल्या नळीत पेट घेते. ती ताकद नाही, वाया गेलेले पेट्रोल आहे.

कायदाही जुनाच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १२० सांगतो, की प्रत्येक वाहनाला सायलेन्सर हवाच. १७५ सीसीवरच्या दुचाकीसाठी ८० डेसिबलची मर्यादा २००५ पासून लागू झाली. २०१९ च्या दुरुस्तीने आवाजाचे नियम मोडणाऱ्याला १० हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा ठेवल्या. आपल्या अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवरून रोड रोलर फिरवला.

डेसिबलचा हिशेब मात्र किराण्याच्या तराजूसारखा नाही. १० डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दसपट होते, २० वाढले की शंभरपट. रोज आठ तास ८५ डेसिबल ऐकणे कानाला धोक्याचे मानले जाते. कानाच्या आतल्या बारीक केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. औषध नाही, ऑपरेशन करून त्या परत आणता येत नाहीत.

मागच्या वर्षी गावी गेलो तेव्हा उस्तादांना भेटलो. गॅरेज आता मुलगा चालवतो. उस्ताद दारात खुर्ची टाकून बसतात. मी सलाम केला. ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. मुलगा म्हणाला, ‘भाईजान, मोठ्याने बोला. अब्बांना ऐकू येत नाही.’ पंचवीस-तीस वर्षे उघड्या नळ्यांशेजारी बसून गाड्या रेस केल्या होत्या त्यांनी. कानाला मूठ लावून टॅपेट ओळखणारा माणूस आता ओठ वाचत होता.

तेवढ्यात रस्त्यावरून एक बुलेट गेली. फट् करून फटाका फुटला. मी दचकलो, मुलगा दचकला, समोरच्या बाईच्या कडेवरचे लेकरू रडू लागले. उस्तादांनी मात्र मानही वळवली नाही. ते माझ्याकडे बघून हसत होते.