‘जिरा’तील अनेक नावांचा रकाना बदलताना

संगणक प्रणाली तयार करताना आढळणाऱ्या त्रुटी, ग्राहकांच्या मागण्या आणि नेमून दिलेली कामे यांची नोंद ठेवण्यासाठी स्वतंत्र सॉफ्टवेअर वापरले जाते. त्यातील प्रत्येक नोंदीला ‘इश्यू’ म्हणतात. मोझिला प्रकल्पाने १९९८ मध्ये खुले केलेले ‘बगझिला’ हे या प्रकारातील सुरुवातीचे सॉफ्टवेअर. त्यानंतर २००२ मध्ये सिडनीत स्थापन झालेल्या अ‍ॅटलासियन कंपनीने ‘जिरा’ आणले. ‘गॉडझिला’चे जपानी नाव ‘गोजिरा’. त्यातील पहिले अक्षर गाळून हे नाव घेण्यात आले.

रकाना नव्हे, यादी

‘जिरा’मध्ये काम ज्याच्याकडे सोपवले आहे, त्या व्यक्तीच्या रकान्यात एकच नाव बसते. परंतु तपासनीस, मंजुरी देणारे किंवा माहिती ठेवावयाची माणसे एकाहून अधिक असू शकतात. त्यांच्यासाठी अनेक वापरकर्त्यांचा स्वतंत्र रकाना निर्माण करता येतो. पडद्यावर तो इतर रकान्यांसारखाच दिसतो. आत मात्र एक मूल्य नसून वापरकर्त्यांची यादी असते. स्क्रिप्ट, म्हणजे छोटी आज्ञावली, लिहिताना या फरकाकडे दुर्लक्ष झाले तर मोठी चूक घडते.

समजा, तीनशे नोंदींच्या तपासनीस रकान्यात प्रत्येकी चार नावे आहेत आणि पाचवे जोडावयाचे आहे. हाताने हे काम कंटाळवाणे, म्हणून स्क्रिप्ट लिहिली जाते. तिने रकान्यात केवळ नवे नाव लिहिले, तर जुनी चारही नावे पुसली जातात. संगणकाच्या दृष्टीने आज्ञा बिनचूक असल्याने त्रुटीचा संदेश येत नाही. मात्र सूचनांचे ई-मेल याच रकान्यावरून जात असतील, तर ते त्या चौघांना मिळणे थांबते. नोंद पाहण्याचा अधिकार या रकान्यावर बेतलेला असेल, तर ती नोंदच त्यांना दिसेनाशी होते. न दिसणाऱ्या नोंदीबद्दल तक्रार तरी कोण करणार?

‘अ‍ॅड’ आणि ‘सेट’

‘जिरा’च्या रेस्ट पद्धतीच्या जोडणीत यादीच्या रकान्यासाठी तीन क्रिया उपलब्ध आहेत. ‘सेट’ संपूर्ण यादी बदलते, ‘अ‍ॅड’ नाव जोडते, तर ‘रिमूव्ह’ तेवढेच नाव काढते. एक-दोन नावांचा फेरफार असेल तर ‘अ‍ॅड’ व ‘रिमूव्ह’ सुरक्षित. ‘सेट’ वापरणे भागच असेल, तर आधी सध्याची यादी वाचावी, तीत बदल करावा आणि मग पूर्ण यादी परत लिहावी. मात्र वाचणे आणि लिहिणे यांच्या मधल्या काळात दुसऱ्याने केलेला बदल यात हरवू शकतो.

व्यक्तीची ओळख हा दुसरा मुद्दा. एकाच नावाच्या दोन व्यक्ती असू शकतात, त्यामुळे पडद्यावरील नाव उपयोगाचे नाही. ‘जिरा’च्या क्लाउड आवृत्तीत गोपनीयतेच्या कारणास्तव २०१९ मध्ये जोडणीतून वापरकर्तानावे वगळण्यात आली. तेव्हापासून तेथे प्रत्येकाचा ‘अकाउंट आयडी’ द्यावा लागतो. त्यापूर्वी लिहिलेल्या स्क्रिप्ट या बदलामुळे निरुपयोगी ठरल्या.

इतिहासाचे महत्त्व

कंपनीच्या स्वतःच्या संगणकावर चालणाऱ्या ‘जिरा’त ‘स्क्रिप्टरनर’च्या साह्याने ग्रूव्ही भाषेत स्क्रिप्ट लिहिण्याची पद्धत रूढ आहे. तेथे रकान्याचे मूल्य थेट बदलता येते किंवा संपूर्ण नोंद अद्ययावत करण्याचा राजमार्ग घेता येतो. थेट बदलाची नोंद इतिहासात होत नाही आणि शोधसूचीही आपोआप ताजी होत नाही. पडद्यावर नाव दिसते, पण शोधात सापडत नाही. राजमार्गाने गेल्यास कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद राहते. चूक झाल्यास जुनी यादी परत मिळवण्याचा तोच आधार असतो.

म्हणूनच तीनशे नोंदींना हात लावण्यापूर्वी जुन्या याद्या एखाद्या फाइलमध्ये साठवाव्यात. स्क्रिप्ट प्रथम एका चाचणी नोंदीवर चालवावी आणि निकाल इतिहासात तपासावा. शेकडो ई-मेल एकदम सुटू नयेत म्हणून सूचना तात्पुरत्या थांबवण्याची सोयही प्रशासकाला वापरता येते. स्क्रिप्ट चालण्यास काही क्षण पुरतात. गळलेले नाव लक्षात येण्यास मात्र अनेक आठवडे लागू शकतात.