शिंपल्यासाठी सूर्य



शिंपल्याचा आणि उजेडाचा संबंध काय, असा प्रश्न आजच्या विषयाचे नाव वाचून आपल्यापैकी पुष्कळांना पडला असेल. आपल्या ओळखीचा शिंपला म्हणजे कोकणच्या खाडीतल्या तिसऱ्या. त्या चिखलात रुतून बसतात, दोन नळ्या वर काढून पाणी आत ओढतात आणि त्यातले बारीक कण गाळून खातात. त्यांना दिवस काय नि रात्र काय, सारखेच. परंतु हिंदी व प्रशांत महासागरांतील प्रवाळांच्या खडकांवर शिंपल्यांचे एक असे कुळ राहते की ज्याची चूल सूर्यावर पेटते. त्याचे शास्त्रीय नाव ट्रिडॅक्ना. आपण त्याला महाशिंपला म्हणू. यातली सर्वांत मोठी जात एक मीटरहून अधिक लांब वाढते आणि तिचे वजन २०० किलोच्या वर जाते. सर्वांत लहान जात ओंजळीत मावेल एवढीच. पॅरिसच्या सेंट सुल्पिस चर्चमध्ये तीर्थजलाची पात्रे म्हणून ठेवलेली दोन प्रचंड कवचे याच प्राण्याची आहेत. म्हणजे मेलेल्या महाशिंपल्याची ओळख युरोपला शतकानुशतके होती. तो जिवंत कसा राहतो, हे कळायला मात्र फार वेळ लागला. आणि घरातल्या काचेच्या पेटीत त्याला जगवायला त्याहूनही अधिक.

समुद्राचा तुकडा घरात आणण्याची हौस जुनी आहे. १८४६ साली ॲना थिन या बाईंनी इंग्लंडच्या टॉर्की किनाऱ्यावरून काही प्रवाळ लंडनला आणले. घरात समुद्राचे पाणी फार नाही, म्हणून तेच पाणी उघड्या खिडकीशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पुन्हा पुन्हा ओतून त्यात हवा मिसळायची, असा उद्योग त्यांच्या घरी चाले. पुढे रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी वनस्पती आणि प्राणी एकत्र ठेवले तर पाणी टिकते हे दाखविले, १८५३ साली लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये सार्वजनिक मत्स्यालय उघडले, आणि १८५४ मध्ये फिलिप गॉस यांच्या पुस्तकाने या छंदाचे वेडच लागले. या सगळ्यांची चिंता एकच होती, ती पाण्याची. पाणी नासू नये, त्यात हवा राहावी. उजेडाची गणना त्या काळी बहुधा उपद्रवातच होई. ऊन पडले की काच हिरवी होते, पाणी तापते, म्हणून पेटी उन्हातून हलवा! इंग्लंडच्या थंड समुद्रातल्या प्राण्यांना हा सल्ला बरा होता. उष्ण कटिबंधातील प्रवाळांच्या रहिवाशांना तो मृत्युदंडच ठरला असता. पण ते त्या पेट्यांत आलेच नव्हते.

इकडे सूक्ष्मदर्शकाखाली वेगळीच गोष्ट उलगडत होती. समुद्रातील अनेक प्राण्यांच्या शरीरात सोनेरी-तपकिरी रंगाच्या पेशी दिसत. त्या प्राण्याच्या नसून स्वतंत्र शैवाले आहेत, असे जर्मनीच्या कार्ल ब्रांट यांनी १८८१ च्या सुमारास प्रतिपादिले आणि त्यांना झूझॅन्थेला हे नाव दिले. १८८८ साली ब्रॉक यांनी अशाच पेशी महाशिंपल्यात असल्याचे नोंदविले. शिंपला उघडला की कवचाच्या काठावर एक जाड मांसल झालर पसरते, निळी, हिरवी, जांभळी, मोराच्या पिसासारखी चमकणारी. शैवालांची वस्ती मुख्यतः त्या झालरीत.

यानंतरचे मोठे पान ऑस्ट्रेलियातले. क्वीन्सलंडच्या किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर लो आइल्स नावाची चिमुकली बेटे आहेत. तेथे १९२८-२९ मध्ये ग्रेट बॅरियर रीफ मोहिमेचा तळ वर्षभर पडला होता. नायक होते सी. एम. याँग, वय तिशीच्या आतले. त्यांच्या पत्नी मोहिमेच्या डॉक्टर म्हणून बरोबर होत्या. याँग यांना महाशिंपल्याने मोहून टाकले. इतर शिंपले पोटात पाय आणि वर बिजागरी अशा बेताने राहतात. हा मात्र बिजागरी खाली आणि झालर आकाशाकडे करून बसतो. याँग यांनी १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात त्याचा अर्थ लावला: हा प्राणी शेतकरी आहे. आपल्या शरीरात तो शैवालांची शेती करतो, पिकाला ऊन मिळावे म्हणून अंग पसरतो आणि वाढलेले पीक रक्तातील पेशींकरवी पचवून खातो.

चित्र सुंदर होते, आणि अर्धे खरे होते. शेती खरी, कापणीची कथा मात्र बदलावी लागली. १९६७ साली लेनर्ड मस्कॅटिन यांनी प्रवाळांतली आणि महाशिंपल्यातली शैवाले वेगळी काढून दाखविले की यजमान प्राण्याच्या ऊतींचा अर्क जवळ असला म्हणजे ही शैवाले आपण तयार केलेले अन्न, विशेषतः ग्लिसरॉल, बाहेर सोडतात. म्हणजे गाय मारून खायची नाही, दूध काढायचे! १९७३ साली याच प्रकारचा पुरावा देणारा महाशिंपल्यावरचा निबंध प्रसिद्ध झाला, त्यावर गोरो दांपत्याबरोबर खुद्द याँग यांचेही नाव आहे. आपल्या जुन्या मताच्या पलीकडे जाणाऱ्या कामात म्हातारपणी भाग घेणे हे सर्वांनाच साधत नाही.

याच कथेत एक अन्यायाचा धागाही आहे. शैवाले रक्ताच्या पोकळ्यांत मोकळी राहतात असे पाठ्यपुस्तकांत दशकानुदशके छापले जात होते. १९४६ मध्ये इजिप्तचे प्राणिशास्त्रज्ञ मन्सूर यांनी लिहिले होते की झालरीचा आणि जठराचा थेट मार्ग आहे. ते मत मागे पडले. १९९२ साली नॉर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारीक छेद घेऊन पाहिले, तेव्हा जठरातून निघून झालरीत फांद्या फुटत जाणारी नळ्यांची व्यवस्था स्पष्ट दिसली, आणि शैवाले त्या नळ्यांतच होती. मन्सूर यांचे म्हणणे खरे ठरायला शेहेचाळीस वर्षे लागली. मोठ्या नावाची सावली लांब पडते, ती अशी.

आता घराकडे येऊ. १९६१ साली जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी आपली पद्धत एका अमेरिकन मासिकात मांडली: समुद्राचे पाणी, जिवाणूंनी व जीवजंतूंनी भरलेला खडक, हवेचे बुडबुडे आणि सूर्यप्रकाश. शेवटची वस्तू त्यांच्याकडे आयतीच होती. विषुववृत्ताजवळ राहणाऱ्याला सूर्य विकत घ्यावा लागत नाही. जर्मनीतल्या हौशी मंडळींचा प्रश्न बिकट होता. दुपारच्या कडक उन्हात उजेड एक लाख लक्सच्या घरात असतो. आपण जिथे बसून वर्तमानपत्र वाचतो त्या दिवाणखान्यात तो तीन-चारशे लक्स असला तरी आपण खूष असतो. डोळा जुळवून घेतो, म्हणून फरक कळत नाही. शैवाल जुळवून घेते ते काही मर्यादेपर्यंतच. पेटीवर दोन ट्यूबलाइट लावले की माणसाला लख्ख वाटे. शिंपल्याच्या हिशेबी ती तिन्हीसांज.

हा फरक मी स्वतः पाहिला आहे. सिंगापुरात माझे एक आप्त आहेत. त्यांच्या पेटीत ट्यूबच्या उजेडाखाली एक देखणा महाशिंपला होता. रोज सकाळी उघडे, हाताची सावली पडली की मिटे. उघडतो आहे ना, मग ठीक आहे, असे ते मला दर फोनवर सांगत. आठव्या महिन्यात तो गेला. नंतर कवच हातात घेऊन पाहिले, तर काठावर नव्या वाढीची पांढरी कड कुठेच नव्हती. आठ महिने तो अंगातली शिल्लक खात होता. उपाशी मासा कासावीस दिसतो. उपाशी शिंपला शेवटपर्यंत सभ्यपणे उघडतो आणि मिटतो. म्हणून जाणकार रंगाकडे नव्हे, त्या पांढऱ्या कडेकडे पाहतात.

उपाय आला तो रस्त्यावरच्या आणि क्रीडांगणांवरच्या दिव्यांच्या जातीतून. मेटल हॅलाइड दिवे, १५०, २५०, ४०० वॅटचे, ऐंशीच्या दशकात पेट्यांवर टांगले जाऊ लागले, जोडीला निळ्या उजेडाच्या नळ्या. निळा का? कारण समुद्राचे पाणी तांबडा रंग पहिल्या काही मीटरांतच गिळते, निळा खोलवर जातो, आणि शैवालांना तो उत्तम वापरता येतो. १९९४ साली डेलबीक आणि स्प्रंग यांचा प्रवाळ-मत्स्यालयांवरील ग्रंथ आला. त्यात महाशिंपल्यांना भरपूर जागा मिळाली. त्याच सुमारास डॅनिएल क्नोप यांनी त्यांच्यावर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. परंतु हे दिवे पाणी तापवीत. पाणी थंड करायला यंत्र, त्या यंत्राला आणखी वीज, असा कारभार. ही अडचण एलईडीने दूर केली, आणि तेजस्वी निळा एलईडी नसता तर तो दिवा या कामाचाच नव्हता. तो साधल्याबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

तरीही दिवा प्रखर म्हणजे सर्व झाले असे नाही. क्रोसिया आणि मॅक्सिमा या उथळ पाण्यातल्या जातींना भर उजेड लागतो, स्क्वामोसा आणि डेरासा थोड्या कमी उजेडावर भागवितात. अंधाऱ्या खोक्यातून प्रवास करून आलेल्या प्राण्याला एकदम कडक दिव्याखाली ठेवले तर शैवाले होरपळतात, झालर पांढरी पडते. त्याला काही आठवड्यांत हळूहळू वर आणावे लागते. दिवस दहा-बारा तासांचा, नंतर खरी रात्र. आणि पाहायचे ते वरून. झालरीवरच्या चमकदार पेशी नुसत्या शोभेच्या नाहीत. २०१४ साली ॲलिसन स्वीनी आणि सहकाऱ्यांनी दाखविले की त्या उपयोगी उजेड खोल आत, खांबासारख्या रांगांत उभ्या असलेल्या शैवालांपर्यंत वाटून पोचवितात आणि नको तो परतवितात. जो रंग पाहून आपण वाहवा करतो, तो शिंपल्याने टाकून दिलेला उजेड आहे!

या ज्ञानाचा उपयोग हौसेपुरता राहिला नाही, हे नमूद केले पाहिजे. मांसासाठी आणि कवचासाठी महाशिंपल्यांची इतकी लूट झाली की १९८५ पर्यंत त्यांचे सारे कुळ आंतरराष्ट्रीय व्यापार-नियंत्रणाच्या यादीत गेले. आपल्याकडे लक्षद्वीपच्या प्रवाळांवर मॅक्सिमा आढळते. ती आणि तिची दोन भावंडे २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आली, तेव्हा आपल्या समुद्रातून ती उचलणे हा गुन्हा आहे. परदेशी पेट्यांत दिसतात ते बरेचसे शिंपले पैदास-केंद्रांत वाढविलेले असतात. पलाऊ बेटांवर जेराल्ड हेसलिंगा यांनी १९८० च्या दशकात ही पैदास मोठ्या प्रमाणावर करून दाखविली. तेथला एक क्षण मला फार आवडतो. अंड्यातून निघालेल्या पिल्लाच्या अंगात शैवाल नसते. आईकडून ते मिळत नाही. म्हणून मोठ्या शिंपल्याच्या झालरीचा बारीक तुकडा वाटून ते पाणी हौदात सोडतात. डोळ्याला न दिसणारी ती पिल्ले शैवाले गिळतात. बहुतेक पचून जातात, थोडी तगतात. मग हौदावरचे आच्छादन थोडे सरकवून कामगार ऊन आत घेतात.